बेरीज जुळते, क्रम नाही

ताई पडली तेव्हा तिच्या हातात खडू होता, असं तिच्या शेजारच्या काकूंनी मला फोनवर सांगितलं. मी वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीच्या स्टोअर्समध्ये बेअरिंगचे खोके मोजून घेत होते. "क्लास घेता घेता पडली गं. बोलतेय, पण काय बोलतेय ते कळत नाही. आम्ही दवाखान्यात आणलंय, तू ये," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. आई-बाबा गेल्यावर डोंबिवली पूर्वेच्या त्याच दोन खोल्यांत ती राहायची आणि बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकवायची. माझ्या लहानपणी तिने मलाही शिकवलं होतं, म्हणजे तसा प्रयत्न केला होता. एक गणित सुटेपर्यंत ती मला उठू द्यायची नाही. जेवण गार व्हायचं, आई आतून ओरडायची, आणि ताई शांतपणे म्हणायची, "घाई नाही. बस." मी कॉमर्सला गेले त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद मला याचा झाला होता, की आता ताईसमोर बसायला नको. पुढे लग्न होऊन मी बाळकुमला आले आणि आमचं बोलणं सणावारापुरतं उरलं. भांडण कधीच झालं नाही. मी फक्त तिचे फोन जरा उशिरा उचलायला लागले, आणि मग काही फोन उचलायचे राहून जायला लागले.

शीळफाट्याला गाडी अर्धा तास अडकली. दवाखान्यात पोचले तेव्हा ताई कॉटवर बसलेली होती आणि डॉक्टर तिला प्रश्न विचारत होते. तिच्या तोंडाची उजवी बाजू किंचित ओघळली होती.

"वय किती, मॅडम?"

"पंचेचाळीस," ताई म्हणाली.

"चोपन्न," मी मागून म्हटलं.

ताईने माझ्याकडे रागाने बघितलं. मग तिने डावं बोट चादरीवर फिरवलं. आधी पाच काढला, मग चार. बरोबर होतं. पण तोंडातून पुन्हा "पंचेचाळीस" आलं. तिने ते ऐकलं. ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी त्याआधी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. ताई घाबरली होती.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मेंदूत गुठळी अडकली असावी. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते ठरावीक वेळेतच देता येतं. त्यांना आधीपासून रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र ते द्यायचं नाही, धोका असतो. काही माहिती आहे? आधीचे रिपोर्ट वगैरे?"

मला काहीच माहीत नव्हतं. ताईला गोळीचं विचारलं तर तिने आधी हो, मग नाही अशी मान हलवली आणि स्वतःच्या फोनकडे बोट दाखवलं. रिपोर्ट फोनमध्ये होते. फोन सहा आकड्यांनी उघडायचा. बोटाच्या ठशाचा तिला उपयोग नव्हता. इतकी वर्षं खडू धरून माझ्या बोटांवर रेषाच उरल्या नाहीत, असं ती म्हणायची. तिने डाव्या हाताने आकडे दाबले. चुकले. पुन्हा दाबले, पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा चुकल्यावर तिने फोन माझ्या मांडीवर टाकला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. आणखी दोनदा चुकलं तर फोन बराच वेळ बंद होईल, असं तिथल्या नर्सने सांगितलं.

"घरी फाईल असेल तर बघा," डॉक्टर म्हणाले. "तोवर आम्ही स्कॅन करून घेतो."

फोन घेऊन मी निघाले. घर रिक्षाने पाच मिनिटांवर होतं. दार उघडंच होतं, आणि आत सतरंजीवर तीन मुली बसलेल्या होत्या. काकूंनी त्यांना घरी जायला सांगितलं होतं, पण त्या गेल्या नव्हत्या. फळ्यावर ताईचं अक्षर होतं आणि शेवटच्या ओळीतून एक रेघ खाली, पार फळ्याच्या चौकटीपर्यंत ओढली गेली होती. मी तिकडे न बघता कपाट उघडलं. फाईल होत्या, पण त्यांत लाईटची बिलं, सोसायटीच्या पावत्या आणि मुलांचे जुने पेपर. औषधाच्या डब्यात फक्त बाम आणि पोटाच्या गोळ्या होत्या. मी डबा सतरंजीवर उपडा केला, तेव्हा मुलींपैकी एकीने विचारलं, "मावशी, काय शोधताय?"

मी सांगितलं. फोन उघडत नाहीये, हेही सांगितलं.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोन वेण्या घातलेली मुलगी म्हणाली, "फोनचा नंबर टीचरनी आम्हाला दिलाय."

"मग सांग ना!"

"नंबर नाही दिला. गणित दिलंय. सोमवारी. ज्याला सुटेल त्याने फोन उघडून दाखवायचा. आम्हाला अजून सुटलं नाही."

तिने वही उघडली. ताईने त्यांना सांगितलं होतं ते असं: एक ते सहा हे आकडे, प्रत्येक एकदाच. पहिल्या दोन आकड्यांच्या संख्येला दोनने भाग जातो. पहिल्या तीनला तीनने. पहिल्या चारला चारने, पहिल्या पाचला पाचने, आणि सगळ्या सहाला सहाने.

मी घड्याळाकडे पाहिलं आणि सतरंजीवर बसले. जवळजवळ पस्तीस वर्षांनी त्याच खोलीत, त्याच फळ्यासमोर.

"पाच पाचव्या जागी," मी म्हटलं. "शून्य नाहीच, म्हणजे पहिल्या पाचांच्या शेवटी पाच हवा."

"ते झालंय आमचं," वेणीवाली म्हणाली. "आणि दुसरा, चौथा, सहावा आकडा सम हवा. म्हणजे दोन, चार, सहा तिकडे गेले."

"मग पहिल्या आणि तिसऱ्या जागी काय उरलं?"

"एक आणि तीन."

"मग अडलं कुठे?"

"दुसऱ्या जागी काय ते कळत नाही. तिन्ही घालून बघितले, मग पुढे गोंधळ होतो."

"अगं, बेरीज कर आधी," तिच्या शेजारची मुलगी म्हणाली. शब्द ताईचे होते. "आधी" म्हणताना तिचा आवाज थोडा खाली आला, तेही ताईचंच होतं. त्या मुलीला हे ठाऊकही नव्हतं. "तीनने भाग जायचा तर बेरजेला जायला हवा. एक आणि तीन, चार. चारमध्ये दोन मिळवले तर सहा, जातो. चार मिळवले तर आठ, नाही जात. सहा मिळवले तर दहा, नाही जात."

"म्हणजे दुसऱ्या जागी दोन," मी म्हटलं. "आता चौथा. चार किंवा सहा. चारच्या कसोटीला शेवटचे दोनच आकडे बघायचे."

"चौदा नाही, चौतीस नाही," वेणीवाली भराभर म्हणाली. "सोळा जातो, छत्तीस जातो. म्हणजे सहा! आणि शेवटी चार!"

मी फळ्यावर लिहिलं: १२३६५४. बेरीज एकवीस, शेवटी चार, म्हणजे सहानेही भाग जातो. मी फोन हातात घेतला, आकडे दाबले. फोन थरथरला आणि उघडला नाही.

"चूक कुठे झाली?" मी ओरडलेच. "सगळं तर बरोबर आहे!"

मुली दचकल्या. मग तिसरी मुलगी, जी इतका वेळ गप्प होती, हळूच म्हणाली, "उत्तर एकच आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

हेही ताईचंच वाक्य. मला शंभरदा ऐकवलेलं. मी खडू त्या मुलीच्या हातात दिला. तिने उठून फळ्यावरचे एक आणि तीन बोटाने पुसले आणि जागा बदलून लिहिले. ३२१६५४. बाकीचं तसंच राहत होतं. एक आणि तीनची बेरीज कुठल्याही क्रमाने चारच, आणि सोळालाही चारने भाग जातोच.

एकच संधी उरली होती. मी दाबताना प्रत्येक आकडा मोठ्याने म्हटला. फोन उघडला.

मुली ओरडल्या, हसल्या, आणि मग एकदम गप्प झाल्या, कारण मी रडत होते.

रिपोर्ट फोनमध्येच होते. सात महिन्यांपूर्वीचे. हृदयाचे ठोके अनियमित, मेंदूत दोन बारीक जुन्या गुठळ्यांच्या खुणा, आणि रक्त पातळ करायची गोळी दिवसातून दोनदा. डॉक्टरांनी ते वाचलं आणि इंजेक्शन दिलं नाही. "दिलं असतं तर रक्तस्राव होऊ शकला असता," ते नंतर म्हणाले. गोळ्या तिच्या पर्समध्ये, रुमालात बांधलेल्या सापडल्या. सात महिने ताईला माहीत होतं आणि तिने कोणालाही सांगितलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी मी तिला बाळकुमला घेऊन आले. नवऱ्याने आपलं टेबल हॉलमध्ये हलवलं आणि ती खोली तिला दिली. हळूहळू शब्द परत येऊ लागले. पाणी, चहा, पंखा, नको. आकडे मात्र आले नाहीत. तीस वर्षं जिने आकड्यांवर घर चालवलं, तिला सात म्हणायचं असलं की तोंडातून दोन यायचं, आणि ती डोळे मिटून घ्यायची.

रेकॉर्डिंग मला तेव्हा सापडली. तिच्या डॉक्टरांना पाठवायला मी फोनमध्ये जुने कागद शोधत होते, आणि एका ठिकाणी नुसत्या आवाजांच्या फायली दिसल्या. रोज सकाळी सातची एक. सात महिन्यांच्या. ताई आत झोपली होती. मी स्वयंपाकघराचं दार लावून पहिली लावली.

"काल रात्री पाठ केलेला आकडा," ताईचा स्वच्छ, क्लासमधला आवाज. "तीन सात सहा दोन. बेरीज अठरा. नऊने जातो. ठीक."

बास, इतकंच. दुसऱ्या दिवशी दुसरा आकडा. ती रोज रात्री नऊने भाग जाईल अशी एक संख्या पाठ करायची आणि सकाळी आठवून म्हणायची. बेरजेला नऊने भाग गेला की "ठीक". डॉक्टरांनी तिला सांगितलं असावं की विसरायला व्हायला लागलं तर लगेच या, आणि ती स्वतःच स्वतःची परीक्षा घेत होती. दोन महिने रोज "ठीक".

मग एका सकाळी पहिल्या दिवशीचाच आकडा पुन्हा आला. ती म्हणते, "तीन सहा सात दोन. बेरीज अठरा. नऊने जातो. ठीक." आणि थांबते. बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग, "नाही. तीन सात सहा दोन होता. क्रम चुकला." पुन्हा शांतता. "नऊला क्रम कळत नाही. आकडे कसेही फिरवा, बेरीज तीच. म्हणजे मी किती दिवस चुकत होते आणि मला ठीक वाटत होतं?"

मी ती फाईल थांबवली. गॅसवर दूध उतू गेलं होतं ते मला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने अकराची कसोटी सुरू केली. एकाआड एक आकड्यांची बेरीज करायची. दोन्ही बेरजा सारख्या आल्या, किंवा त्यांच्यात अकराचा फरक आला, तर अकराने भाग जातो. तीन आणि सहा नऊ, सात आणि दोन नऊ. जातो. पण शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले की अकरा लगेच पकडतो. तीन आणि सात दहा, सहा आणि दोन आठ. नाही जात. ताईने स्वतःसाठी कडक मास्तर शोधून काढला होता.

त्यानंतरच्या फायली मी एकदम ऐकू शकले नाही. रोज दोन-तीन, ऑफिसला जाताना, कानात. कापूरबावडीच्या सिग्नलला गाड्यांच्या गर्दीत ताईचा आवाज येत असे. "जातो." "जातो." "नाही जात." "नाही जात." आवाज तोच, फक्त प्रत्येक "नाही"च्या आधीची शांतता वाढत गेलेली. एका सकाळी ती आकडा म्हणतच नाही. म्हणते, "धाकटीला फोन केला. मीटिंगमध्ये होती. नंतर करते म्हणाली." आणि फाईल संपते.

मी माझ्या फोनमध्ये त्या दिवशीचा कॉल शोधला. सापडला. बावीस सेकंद. मीटिंग नव्हती. मी कँटीनमध्ये होते. नंतर मी फोन केला नव्हता.

एका दुपारी मला राहवलं नाही. ताई खिडकीशी बसली होती, समोरच्या टॉवरचं काम बघत.

"ताई, मी ते आवाज ऐकले," मी म्हटलं. "सकाळचे. सगळे."

तिला समजायला वेळ लागला. मग तिने मान डोलावली. "नऊ..." ती म्हणाली. आकडा कधी नव्हे तो बरोबर आला. पुढचा शब्द ती शोधत राहिली. "नऊ भोळा."

"आणि अकरा?"

"अकरा..." ओठ वाकडे करून ती हसली. "हुशार."

"मला का नाही सांगितलंस गं? मी आले असते."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता, तेच मला सोसलं नाही. "सांगितलं," ती म्हणाली.

"कधी?"

तिने टेबलावरच्या फोनकडे बोट केलं. "केला. फोन."

तिने थोड्या वेळाने चहा मागितला. मी करून आणला. आम्ही दोघींनी तो प्यायला. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही, आणि ती पुढे चार महिने जगली. दुसरा झटका आला तेव्हा दुपार होती, मी कामावर होते. नवरा घरी होता. तिने त्याच्याकडे पाणी मागितलं होतं आणि तो घेऊन येईपर्यंत ती गेलेली होती.

क्लासच्या तिन्ही मुली भेटायला बाळकुमपर्यंत आल्या होत्या. वेणीवाली आता नववीत होती. जाताना दारात ती म्हणाली, "मावशी, टीचरनी आम्हाला फोनच्या नंबरचं गणित दिलं ना, ते मुद्दाम दिलं असेल का? म्हणजे कधी गरज लागली तर?"

"माहीत नाही गं," मी म्हटलं. मला अजूनही माहीत नाही.

नंतर कित्येक महिने मी सकाळी सातला आपोआप जागी होत असे. घरात कोणीतरी बोलायच्या बेतात आहे असं वाटायचं. फायली मी पुसल्या नाहीत आणि पुन्हा लावल्याही नाहीत. त्याऐवजी मी दुसरंच करायला लागले. रस्त्यात अकराने भाग जाणारा गाडीचा नंबर दिसला की तो पाठ करायचा आणि ऑफिसात पोचल्यावर कागदावर लिहायचा. दोन बेरजा करायच्या. जातो. मग कामाला लागायचं. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात कंपनीच्या गाडीने कोलशेतहून ऑफिसला येताना मी ४८२९ पाठ केला. चार आणि दोन सहा, आठ आणि नऊ सतरा, फरक अकरा. पक्का. पार्किंगमध्ये उतरून कागदावर लिहिला: ४२८९. बारा आणि अकरा. नाही जात.

मी तो कागद पर्समध्ये ठेवला आणि दिवसभर काम केलं. दुसऱ्या दिवशी नंबर बरोबर आला. तिसऱ्या दिवशी मी नंबर बघितलाच नाही; गाडीत डोळे मिटून बसले. चौथ्या दिवशी रविवार होता. नवरा ओट्याशी पपई कापत होता. मी त्याच्या मागे उभी राहिले आणि म्हणाले, "मला तुला काहीतरी सांगायचंय." आणि सगळं सांगितलं. फायली, कँटीन, बावीस सेकंद, गाड्यांचे नंबर, कागद.

त्याने सुरी खाली ठेवली, हात धुतले. "कपडे बदल," तो म्हणाला. "रविवारी बघणारे डॉक्टर कोण आहेत ते मी शोधतो."

दोन दिवसांत सगळ्या तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. डॉक्टर बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "झोप किती होते?" मी सांगितलं. त्यांनी झोपेचं औषध दिलं आणि म्हणाल्या, "आकडा एकदा मागेपुढे सगळ्यांचाच होतो. माझाही होतो."

येताना रिक्षात नवऱ्याने रिपोर्टची फाईल मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "चार दिवस थांबलीस."

"हो."

"ताई सात महिने."

"हो."

"पुढच्या वेळी त्याच दिवशी सांग."

मी हो म्हटलं. पण सवय जात नाही. परवा सकाळी मी पुन्हा एक नंबर पाठ केला, ऑफिसात लिहिला, बेरजा केल्या. जुळल्या. मी त्याला फोन लावला.

"बरोबर आला," मी म्हटलं.

"काय बरोबर आलं? मी मीटिंगमध्ये आहे." मग क्षणभर थांबून, "थांब, बाहेर येतो. हां, बोल."

मी सांगितलं.